चौतिसावे नाव

आपल्या मराठी भाषेत नात्यांच्या नावांना तोटा नाही. मावसभाऊ वेगळा, मामेभाऊ वेगळा, आतेभाऊ आणि चुलतभाऊ आणखी वेगळे. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा जिने स्वतंत्र शब्द राखून ठेवला, अशी ही आपली भाषा! पण ज्याच्या मांडीला मांडी लावून आपण एका बाकावर चार-पाच वर्षे काढली, ज्याच्या दौतीत आपला टाक बुडवला आणि ज्याच्या डब्यातली भाकर आपली समजून खाल्ली, त्या माणसासाठी घरगुती असा एकही शब्द आपल्यापाशी नाही. 'वर्गमित्र' हा शब्द आहे खरा. पण तो हजेरीपटातून उठून आल्यासारखा वाटतो. आमच्या नागपूरकडची साधी माणसे तोही वापरीत नाहीत. ती म्हणतात, "तो माह्यासंगं शिकत होता." बस्स, एवढेच!

आणि नाव नाही म्हणून रीतही नाही. चुलत्याचा चुलता गेला तरी आपण सुतक पाळतो. वर्गमित्र गेला तर सुतक नाही, दहावा नाही, तेरावा नाही. कित्येकदा बातमीसुद्धा महिना-दोन महिन्यांनी कळते. मग त्या दुःखाचे माणसाने करावे तरी काय? ते कोणत्या कोपऱ्यात ठेवावे?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता उमरेडचा माझा एक वर्गमित्र गेला आणि या प्रश्नाने मला घेरले. वाचकहो, त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. तो काही पुढारी नव्हता, लेखक नव्हता, कधी वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला नाही. आणि आपले नाव छापून यावे असे त्याला कधी वाटलेही नाही. त्याच्या घरच्यांचीही तशीच इच्छा आहे. उमरेडात हा अंक ज्यांच्या हाती पडेल ते दुसऱ्या परिच्छेदातच त्याला ओळखतील. बाकीच्यांना नावाची गरज पडू नये. कारण असा एखादा सोबती प्रत्येकाच्या वर्गात असतो, असे मला वाटते.

मागांचे गाव

उमरेड हे नागपूरच्या आग्नेयेला सुमारे ४५ किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात चिमूरच्या मुनाजी पंडितांनी ते वसवले, असे जुनी दप्तरे सांगतात. येथली नगरपालिका १८६७ सालची. म्हणजे आपल्याकडच्या कित्येक मोठ्या शहरांना लाजवील इतकी जुनी! आता उमरेड म्हटले की लोकांना कोळशाची उघडी खाण आठवते, नाहीतर कऱ्हांडल्याच्या अभयारण्यातले वाघ आठवतात. शेजारच्या भिवापूरची मिरचीही नावाजलेली. पण आमच्या लहानपणी उमरेड म्हणजे हातमाग. रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी यांसाठी हे गाव चहूकडे ठाऊक होते. कोष्ट्यांच्या वस्तीतून जाऊ लागले की घराघरातून 'खट्-खट्, खट्-खट्' असा एकच ठेका ऐकू येई. सणासुदीला तो थांबला की गाव एकदम मुके झाल्यासारखे वाटे.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. १९५४ साली त्यांची बदली उमरेडला झाली आणि मी सहाव्या इयत्तेत तेथल्या शाळेत दाखल झालो. त्या काळी नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती चकित होतात. आम्ही नागपूरहून उमरेडला आलो ते अडीच फुटी रुळांच्या छोट्या गाडीने. १९०८ साली सुरू झालेली ही नागपूर-नागभीड गाडी इतकी संथ चाले, की मुले उतरून बोरे वेचून पुन्हा चढत, अशी थट्टा सगळेच करीत. २०१९ च्या नोव्हेंबरात रुंद रूळ टाकण्यासाठी ती बंद झाली, तेव्हा थट्टा करणारेच हळहळले!

वर्गात आम्ही चौतीस मुले. मला जागा मिळाली ती तिसऱ्या बाकावर, एका काळ्यासावळ्या, किडकिडीत मुलाशेजारी. पहिल्याच दिवशी माझी नजर गेली ती त्याच्या बोटांकडे. बोटांची टोके लाल-हिरवी! मला वाटले, शाई सांडली असेल. दुसऱ्या दिवशी रंग निळा होता. मी विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "शाई नाई बे, काठाचं रेशीम हाय."

कोष्ट्याच्या घरात एकटा विणकर कधी कापड विणीत नसतो, घर विणते. धोट्यात बसवायच्या कांड्या रहाटावर भराव्या लागतात. ते काम बायकांचे आणि पोरांचे. ताण्याच्या सुताला खळ लावायची, ते उन्हात ताणून कुंच्याने सारखे करायचे, तुटलेला धागा शोधून जोडायचा. मग खड्ड्यात पाय सोडून बसलेला बाप फणी ठोकतो आणि कापड इंच-इंच पुढे सरकते. हा मुलगा पहाटे उठून दोन तास कांड्या भरी आणि मग शाळेत येई. त्यामुळे पहिल्या तासाला त्याला हमखास डुलकी लागे. गुरुजींनी प्रश्न विचारला की मी त्याला कोपराने ढोसावे आणि त्याने खडबडून उठून बहुधा बरोबर उत्तर द्यावे, असा आमचा करार होता!

खळीचा वास असलेली वही

सातवीत असताना मला हिवताप झाला. १९५३ पासून देशात हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली होती आणि घरोघर डीडीटीचे फवारे मारणारी माणसे येऊ लागली होती. पण आमच्या अंगणापर्यंत फवारा पोचण्याआधी डास पोचला. एक दिवसाआड हुडहुडी भरून येई. कोयनेलाच्या कडू गोळ्या, भाताची पेज आणि छताकडे पाहत पडणे. दीड महिना शाळा बुडाली. परीक्षा जवळ आली होती आणि वर्ष वाया जाणार या चिंतेने आईचा जीव टांगणीला लागला होता.

आजाराच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी दारात हा उभा! हातात एक वही. "काकू, आजचं लिवून आनलं," एवढे म्हणून वही दिली आणि पळाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. इतिहास, भूगोल, गणिताच्या रीती, सगळे वळणदार अक्षरात उतरवलेले. आई एकदा म्हणाली, "अरे, तुझा अभ्यास कधी करतोस?" तर म्हणे, "हाच तर अभ्यास हाय नं काकू. दोनदा लिवलं की पाठ होते."

मी त्या वर्षी पास झालो. ती वही मी अनेक वर्षे जपली होती. तिला खळीचा आंबूस वास येत असे, कारण मागाशेजारच्या कंदिलाच्या उजेडात ती लिहिलेली होती. पण मला सांगायचे आहे ते निराळेच. पुष्कळ वर्षांनी, आम्ही दोघेही आजोबा झाल्यावर, बोलता बोलता कळले, की त्या दीड महिन्यात माझ्या आधी तो आणखी एका घरी जात असे. वर्गातल्या एका मुलाची आई बाळंतपणात गेली होती आणि तो शाळेत येईनासा झाला होता. त्याच्यासाठीही एक वही लिहिली जात होती. म्हणजे एकच धडा हा पोरगा तीनदा लिहीत होता! आणि आम्हा दोघांपैकी कोणालाही दुसऱ्या वहीचा पत्ता नव्हता. उपकार करताना ज्याला साक्षीदार लागत नाही, असे माणूस जगात किती सापडेल?

दहा हात पांढरे कापड

१९५६ सालचा दसरा. १४ ऑक्टोबरला नागपुरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्ध धम्माची दीक्षा घेणार, ही बातमी खेड्यापाड्यांत पोचली होती. येणाऱ्यांनी शुभ्र वस्त्रे नेसून यावे असा निरोप होता. आमच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसे. अभ्यासात तो आम्हा सर्वांच्या पुढे. पण पाण्याच्या माठापाशी मात्र त्याला मागे उभे राहावे लागे. कायद्याने अस्पृश्यता संपली होती, माठापाशी ती अजून शिल्लक होती. हा मुलगा आपल्या वडिलांबरोबर नागपूरला जाणार होता. वडिलांपाशी नेसायला धड पांढरे कापड नव्हते आणि विकत घेण्याजोगे पैसेही नव्हते.

त्याने हे कोणाला सांगितले नव्हते. पण माझ्या शेजाऱ्याला अशा गोष्टी न सांगता कळत. तो घरी गेला आणि बापापाशी उभा राहिला. बापाच्या मागावर नुकतेच एक धोतर उतरले होते. पण ते त्याचे नव्हे! सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, विणकराची फक्त मजुरी. असा तो धंदा. एक धोतर कमी भरले तर ते मजुरीतून कापले जाणार आणि दिवाळी तोंडावर आलेली.

बाप थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ने. त्याहीच्या घरी सन हाय." आणि ती उणीव भरून काढण्यासाठी बापलेक पुढे किती रात्री कंदिलापाशी बसले, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

ते बापलेक त्या अडीच फुटी गाडीने नागपूरला गेले, लाखोंच्या त्या शुभ्र समुदायात बसले आणि परत आले. चार-सहा दिवसांनी धोतर स्वच्छ धुऊन, घडी घालून परत करायला आले. माझ्या मित्राच्या वडिलांनी ते घेतले नाही. "त्या दिवसासाठीच इनलं होतं, असं समजा," एवढेच ते म्हणाले. पुढे दोनच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्या दिवशी मागच्या बाकावरचा तो मुलगा शाळेत आला नाही. आणि तिसऱ्या बाकावरचाही आला नाही. तो दिवसभर त्याच्या अंगणात बसून होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

हा मागच्या बाकावरचा मुलगा पुढे शिक्षक झाला. आम्ही सारे त्याला आदराने 'मास्तर' म्हणतो. त्याची गोष्ट पुढे येणार आहे.

शाळा सुटली

नववीची परीक्षा झाली आणि माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. त्याच्या वडिलांचे डोळे अधू झाले होते. बारीक सुताचा तुटलेला धागा त्यांना दिसेना. घरात पाच तोंडे आणि माग एक. १९५८ च्या उन्हाळ्यात तो खड्ड्यात पाय सोडून बसला तो बसलाच. गुरुजी घरी जाऊन आले. आम्ही मुलांनी फी भरण्यासाठी वर्गणी गोळा केली, तीही घेऊन गेलो. त्याने पैसे परत केले आणि म्हणाला, "फी तुमी भराल बाप्पा, पन माग कोन चालवन?" या प्रश्नाला आम्हा चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांपाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर मोठ्यांपाशीही नव्हते.

कारण तो प्रश्न एका घराचा नव्हता. नागपुरात १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून गिरणीचे कापड आणि मागाचे कापड यांची शर्यत लागली होती. तरी रेशमी काठाने हातमागाला पुष्कळ वर्षे तारले, कारण तसा काठ गिरणीला साधत नसे. मग यंत्रमाग आले. त्यानंतर टेरिलीन आले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणसे धोतर नेसायचीच बंद झाली! विणणारा कितीही कुशल असो, नेसणारा नसेल तर त्याने काय करावे? साठीच्या दशकात गावाजवळ कोळशाची खाण सुरू झाली, तेव्हा कितीतरी विणकरांची तरुण मुले तिकडे लागली. त्यांत आमचा हाही होता. ज्या बोटांना रेशमाचा रंग लागत असे त्यांना कोळशाचा लागला. पण या गोष्टीबद्दल त्याच्या तोंडून कधी रडगाणे ऐकले नाही. "पगार पयल्या तारखेला येते नं," असे तो म्हणे. घरातला माग मात्र त्याने मोडला नाही. सुटीच्या दिवशी एखादे धोतर विणी आणि वर्गातल्या कोणाच्या घरी मंगलकार्य निघाले की ते नेऊन देई.

१९६० च्या मार्चमध्ये आम्ही मॅट्रिकला बसलो आणि मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झाले. राज्य एक झाले आणि आमचा वर्ग फुटला! कोणी नागपूर, कोणी भिलाई, कोणी मुंबई. पांगण्याआधी गुरुजींना नमस्कार करायला आम्ही शाळेत जमलो, तेव्हा हा आला. अंगात घरचेच कापड आणि हातात सुताच्या हिशेबाची एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही. प्रत्येकासमोर वही धरून म्हणे, "पत्ता लिव." कोणीतरी हसून विचारले, "तू काय मॅट्रिकचा मॉनिटर आहेस का?" तो म्हणाला, "नाई. पन कोनीतरी ठेवाले पायजे नं."

टिळक आणि आगरकर

येथे मला महाराष्ट्रातल्या दोन थोर सोबत्यांची आठवण होते. टिळक आणि आगरकर, दोघेही १८५६ सालच्या जुलैत जन्मलेले, डेक्कन कॉलेजात एकमेकांना भेटले. रात्र रात्र वाद घालून त्यांनी ठरवले की सरकारी नोकरीच्या मोठ्या पगाराकडे पाठ फिरवायची आणि लोकांना शिकवायचे. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ साली 'केसरी' निघाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात बरोबरीने १०१ दिवस काढले.

आणि मग तेच दोघे सोबती दुरावले! आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य, या वादाने मैत्रीची शकले केली. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला, पुढच्याच वर्षी 'सुधारक' काढला. १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. एकमेकांवर त्यांनी लिहिलेले शब्द वाचले तर आजही अंगावर काटा येतो. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, तेव्हा त्यांना एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहायचे काम टिळकांवर आले. एरवी झरझर लेख सांगणारे टिळक त्या दिवशी पुन्हापुन्हा थांबत होते आणि डोळे पुसत होते, असे सांगतात.

मला नेहमी वाटते, ते अश्रू 'सुधारक'च्या संपादकासाठी नव्हते. ते डेक्कन कॉलेजातल्या त्या गरीब, दमेकरी, हट्टी सोबत्यासाठी होते. विशीत ज्याने आपल्याला पाहिले त्याच्यासमोर मोठेपणाचे सगळे अंगरखे गळून पडतात. तो गेला म्हणजे आपले ते जुने रूप ओळखणारा एक साक्षीदार कमी होतो. एवढ्या मोठ्या माणसांचीही जर ही गत, तर तुमच्या-आमच्यासारख्यांची काय कथा!

आमच्या वर्गातही भांडणे झाली. शेताच्या बांधावरून झाली, निवडणुकीवरून झाली, मुलामुलींच्या सोयरिकीवरून झाली. दोन मित्र तर वीस वर्षे एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. पण दर दिवाळीला दोघांच्याही घरी एकाच हाताने लिहिलेली दोन पोस्टकार्डे पोचत आणि प्रत्येकात दुसऱ्याची खुशाली सहज कळवलेली असे! एकाच्या मुलाला नागपुरात इस्पितळात ठेवले, तेव्हा पोस्टकार्डातून दुसऱ्याला कळले, आणि तो डबा घेऊन उभा राहिला. त्यानंतर अबोला आपोआप सुटला. मध्यस्थी केली असे कोणी म्हटले तर आमचा मित्र कानावर हात ठेवी. "म्या फक्त खबर देल्ली," म्हणे.

वही

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही उमरेडला जमलो. चौतिसांपैकी आता आम्ही सात उरलो आहोत. त्यांतले पाच येऊ शकलो. त्याच्या घराच्या ओसरीवर सतरंजी घातली होती. माग अजून तेथेच, वर पांढरी चादर टाकलेली. भाषणे कोणाला जमली नाहीत. मग मास्तर उठले. त्यांनी पिशवीतून एक घडी काढून उलगडली. अडुसष्ट वर्षांपूर्वीचे ते धोतर! कापड पिवळसर पडले आहे, एका ठिकाणी रफू आहे. पण वीण जशीच्या तशी. मास्तर म्हणाले, "माझे वडील हे नेसून दीक्षाभूमीवर बसले होते. माझ्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या पेटीत हे असते. आज फक्त दाखवायला आणले आहे. हे मी कोणाला देणार नाही." आणि घडी घालून त्यांनी ते परत पिशवीत ठेवले. त्याच्या मुलाने, जो स्वतः आता पन्नाशीचा आहे, ते धोतर पहिल्यांदाच पाहिले होते. बापाने घरात कधी ही गोष्ट सांगितलीच नव्हती!

मग सूनबाईने आतून ती लाल पुठ्ठ्याची वही आणली. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, शाळेवाल्यांले द्याची," ती म्हणाली.

आम्ही पाचही म्हातारे चष्मे पुसून ती वही वाचू लागलो. प्रत्येकाला एक पान. पत्ता बदलला की जुन्यावर रेघ आणि खाली नवा. कोणाचे सात पत्ते, कोणाचे अकरा. आणि पत्त्याखाली बारीक अक्षरात टिपणे. 'याला साखर आहे. अनारसे नको, चिवडा देणे.' 'याची बायको माहेरची भंडाऱ्याची. तिकडची खबर कळवली की खूश होते.' 'हा चिडतो, पण दोनदा विचारले की हो म्हणतो.' 'याला पैशाची गरज आहे. मागणार नाही.' या शेवटच्या टिपणापुढे एक तारीख होती आणि पुढे फक्त 'झाले' असा शब्द. कोण तो मित्र, हे मी सांगणार नाही. तो तेव्हा आमच्यात बसलेला होता आणि त्याने पान भरकन उलटले.

माझ्या पानावर लिहिले होते: 'याची आई गेली. दिवाळीत काकूच्या हातच्या सांभारवडीची आठवण लिहिणे.' खरेच, आई गेल्यापासून दर दिवाळीच्या पत्रात त्याची ती एक ओळ न चुकता असे. मला वाटे, त्याला ती वडी फार आवडत असावी. आईची आठवण काढणारे घराबाहेरचे एक तरी माणूस मला असावे, म्हणून ती ओळ होती, हे त्या ओसरीवर कळले.

गेलेल्या मित्रांची नावे त्याने खोडलेली नव्हती. नावापुढे तारीख आणि खाली मुलाचा किंवा मुलीचा पत्ता. पत्रे चालूच! काही घरी तर आता नातवांच्या नावाने जात होती. त्यामुळे वर्ग कधी लहान झालाच नाही.

पण मास्तरांनी शिक्षकाच्या सवयीने पाने मोजली आणि ते थबकले. पाने तेहतीसच भरली. पुन्हा मोजली, तरी तेहतीस. चौतिसावे नाव कोणाचे राहिले? क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो आणि मग सर्वांच्या एकदमच ध्यानात आले. त्याने स्वतःचे नाव लिहिलेले नव्हते. नववीत शाळा सोडली म्हणून आपण मॅट्रिकच्या वर्गातले नव्हेच, असे त्याला वाटत होते की काय, कोण जाणे! की स्वतःला पत्र कोण पाठवतो, एवढाच साधा हिशेब होता?

मास्तरांनी माझ्याकडून पेन मागून घेतले. कोऱ्या पानावर सावकाश, फळ्यावर लिहावे तसे, त्याचे नाव लिहिले. पुढे तारीख आणि खाली, त्याच्याच रीतीप्रमाणे, मुलाचा पत्ता.

वही आता आम्हा सात जणांत पाळीपाळीने फिरणार आहे. पहिले वर्ष मास्तरांचे झाले, यंदाचे माझे. गेल्या आठवड्यात मी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला, तेव्हा खिडकीतली मुलगी आश्चर्याने पाहतच राहिली. नातू म्हणतो, "आजोबा, मोबाइलवर एक निरोप टाका, सगळ्यांना एकदम जाईल." जाईल खरा. पण सगळ्यांना एकदम गेलेल्या निरोपात कोणाला साखर आहे आणि कोणाची आई गेली आहे, हे कुठे मावते? ते एकेकट्यालाच लिहावे लागते.

सुरुवातीला मी विचारले होते, या दुःखाचे काय करावे? त्याला सुतक नाही, श्राद्ध नाही. आता मला वाटते, बरे झाले की रीत नाही. रीत असती तर तेरा दिवसांत उरकली असती. वर्गमित्राचे ऋण फेडायचे ते त्याच्या वहीतले पुढचे पान लिहून. आपल्या वर्गात अशी वही नसेल, तर वाचकहो, ती सुरू करायला वयाची अट नाही. एक साधी वही पुरते आणि दिवाळीचा मुहूर्त तर समोर आहेच.

चौतीस कार्डांपैकी एकतीस लिहून झाली. माझे मला पाठवायचे नाही, तेव्हा उरली दोन. एक मास्तरांचे आहे. दुसऱ्यावर उमरेडचा पत्ता घातला आहे, आणि त्यात सूनबाईंना विचारायचे आहे, की माग झाकलेलाच आहे, की धाकट्या नातवाने म्हटल्याप्रमाणे खरोखर त्यावर ताणा चढवला?